टीव्हीवरची विद्यार्थ्यांची वादविवाद स्पर्धा : पोरांना पाठवावं का?

झिरोमाइल
नमस्कार मंडळी. मी नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. एका मराठी वाहिनीनं विदर्भातल्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी वादविवाद स्पर्धा घ्यायचं ठरवलंय आणि आमच्याकडे विचारणा आली आहे. तीन जणांचा संघ, विषय अर्धा तास आधी मिळणार, बाजू नाणेफेकीनं ठरणार. चित्रीकरण नागपुरातच, दिवसाला दोन सामने. प्रक्षेपण मात्र अर्ध्या अर्ध्या तासाच्या भागांत.

संघ जवळजवळ ठरला आहे. दोन मुली, एक मुलगा, तिघंही मराठी माध्यमातले. एक मुलगी रोज उमरेडहून बसनं येते. वाचन चांगलं आहे, आवाज खणखणीत आहेत. अडचण अशी की वादविवाद म्हणून त्यांनी आजवर पाहिलंय ते रात्री नऊच्या बातम्यांमधलंच. सरावाला उभं केलं की समोरच्याचं बोलणं मध्येच तोडतात, आणि तोडलं की मुद्दा जिंकला असं त्यांना वाटतं. त्यात शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा केलेल्या, त्यामुळे स्वतःची पाळी आली की पाठ केलेलं भाषण सुरू.

माझं मत पाठवावं असंच आहे. मराठीत विचार करून मराठीत बोलणारी मुलं टीव्हीवर दिसली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. पण दोन सहकारी म्हणतात, टीव्ही याचा पार खेळखंडोबा करेल आणि मुलं भलतंच शिकून येतील. तुमच्यापैकी कुणी अशा स्पर्धेत बोललंय, परीक्षक होतं, पालक म्हणून गेलंय? पाठवायचं तर मुलांकडून काय करून घेऊ, आणि वाहिनीकडून आधी काय कबूल करून घेऊ?

तर्रीपोहे
पाठवा ना ताई, इचार काय करून राहिल्या! उमरेडची पोट्टी टीव्हीवर बोलून राहिली म्हटलं तं अख्खी बस पाहीन.

धंतोलीचे_काका
पाठवा, पण आधी वेळेचा हिशेब मांडा.

तीन-तीन वक्त्यांच्या सामन्यात साधारणपणे प्रत्येकाला सात मिनिटं असतात. सहा जणांची बेचाळीस. शेवटी दोन्ही बाजूंचं समारोपाचं उत्तर चार-चार मिनिटांचं, म्हणजे आठ. झाली पन्नास. आता वाहिनीचा अर्धा तास बघा. केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती चालतात, म्हणजे अर्ध्या तासातून सहा गेली. उरलेल्या २४ मध्ये सूत्रसंचालक, संघांची ओळख, प्रायोजकाचे आभार, परीक्षकांचे दोन शब्द, निकाल. मुलांच्या वाट्याला पंधरा-सोळा मिनिटं आली तरी खूप. पन्नासातली चौतीस-पस्तीस मिनिटं कापली जाणार.

आणि कापताना काय जातं? संकलन करणाऱ्याला भरीव, सुटं, स्वतःच्या पायावर उभं राहणारं वाक्य हवं असतं. खंडन तसं नसतंच. ‘माझ्या मित्रानं दुसऱ्या मुद्द्यात पाण्याचा खर्च धरला नाही’ हे वाक्य कळायला मित्राचा दुसरा मुद्दा आधी ऐकलेला लागतो. तो कापला गेला असेल तर हेही कापावं लागतं. मग उरतात टाळीची वाक्यं आणि कवितेच्या ओळी. घरी बघणाऱ्याला वाटतं सहा मुलांनी सहा भाषणं केली.

मी अनेक वर्षं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा परीक्षक होतो. आमच्याकडच्या जुन्या पद्धतीतही हा दोष होताच, टीव्ही नसताना. दोघांचा संघ, एक अनुकूल, एक प्रतिकूल, सात अधिक दोन मिनिटं, आणि विषय महिनाभर आधी पत्रानं कळवलेला. वीस-पंचवीस कॉलेजं आली की चाळीस-पन्नास भाषणं ओळीनं, आणि कुणी कुणाला उत्तर देत नाही. फिरती ढाल जायची सर्वांत गोड बोलणाऱ्याकडे. म्हणून तीन जणांचा संघ आणि अर्धा तास आधी विषय ही या वाहिनीची पद्धत मला उलट आवडली. फक्त सामना पूर्ण दाखवा म्हणावं.

अंबाझरी_ओव्हरफ्लो
काकांचा हिशेब बरोबर, पण निष्कर्ष थोडा टोकाचा वाटला. मी इंजिनिअरिंगला असताना संसदीय पद्धतीच्या, म्हणजे दोन बाजू समोरासमोर बसून एकमेकांना उत्तर देतात अशा स्पर्धांमध्ये भरपूर बोललोय. संकलन होणार हे माहीत असेल तर त्याप्रमाणे बोलता येतं. खंडन करताना समोरच्याचा मुद्दा आधी एका वाक्यात स्वतः सांगायचा, मग उत्तर. ‘त्यांचं म्हणणं असं की विहिरी खोदल्यानं पाणी वाढेल. आमचं उत्तर असं...’ हा पूर्ण तुकडा वीस सेकंदांचा होतो आणि कुठेही कापून लावला तरी कळतो. टीव्ही नसतानाही हीच चांगली सवय आहे.

झिरोमाइल ताई, मुलांना आधी टिपणं घ्यायला शिकवा. मोठा कागद आडवा धरायचा, प्रत्येक वक्त्याला एक उभा रकाना. पहिल्या वक्त्याचे मुद्दे पहिल्या रकान्यात, त्यांना दिलेली उत्तरं शेजारच्या रकान्यात त्याच ओळीत. ज्या ओळीपुढे जागा कोरी दिसेल तो मुद्दा अनुत्तरित राहिला. तिसऱ्या वक्त्यानं तिथेच बोट ठेवायचं. हे जमलं की मध्येच तोडण्याची हौस आपोआप कमी होते, कारण हात लिहिण्यात गुंतलेला असतो.

मध्ये बोलायची सोयही या प्रकारात आहे, फक्त तिला शिस्त आहे. समोरचा बोलत असताना उभं राहायचं, त्यानं परवानगी दिली तरच पंधरा सेकंदांत प्रश्न विचारायचा. पहिल्या आणि शेवटच्या मिनिटात उठायचंच नाही. नाकारलं तर मुकाट बसायचं. वाहिनीनं हा नियम ठेवलाय का ते विचारा. कॅमेऱ्याला तो फार छान दिसतो.

मारबत
बातम्यांवरच्या चर्चेचा विषय निघालाच आहे म्हणून. एका पडद्यावर आठ चौकोन, आठही तोंडं एकाच वेळी चालू, आणि सगळ्यांत मोठा आवाज सूत्रसंचालकाचा. आमच्या घरी जेवताना हे लागलं की आजी जेवणाचं ताट घेऊन आतल्या खोलीत जाते. मुलं यालाच वाद समजणार नाहीत तर काय?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल भागात इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीची मिरवणूक निघाली की यंदा ओरडायचं ठरवलंय : नऊ वाजताचा आरडाओरडा घेऊन जाऽऽ गे मारबत!

तर्रीपोहे
मारबतभाऊ, मी येतो तुमच्यासंगं. घोषणा पाठ झाली.

सीताबर्डी_ते_सिंगापूर
नोकरीमुळे बरीच वर्षं सिंगापुरात आहे, म्हणून तिकडची एक गोष्ट सांगते. १९९३ मध्ये इथे चिनी भाषेतली आंतरराष्ट्रीय विद्यापीठ वादविवाद स्पर्धा झाली. सिंगापूरची दूरचित्रवाणी आणि चीनची मध्यवर्ती दूरचित्रवाणी यांनी मिळून ती घेतली होती. अंतिम सामना शांघायचं फुदान विद्यापीठ विरुद्ध राष्ट्रीय तैवान विद्यापीठ. विषय होता माणूस स्वभावतः चांगला असतो का. तैवानची मुलं ‘चांगला असतो’ या बाजूनं, फुदानची विरोधात, आणि फुदान जिंकलं. चीनमध्ये हे घराघरांत पाहिलं गेलं आणि त्यानंतर तिथल्या कॉलेजांमध्ये वादविवादाची लाटच आली. त्या पिढीतले माझे सहकारी आजही त्या सामन्यातली वाक्यं म्हणून दाखवतात.

मला यात मोलाची वाटते ती एक गोष्ट. ते सगळं त्यांच्या भाषेत होतं. इंग्रजी येणाऱ्या मूठभरांसाठी नव्हतं. आपल्याकडे संसदीय पद्धतीचा वादविवाद म्हटला की बहुतेक ठिकाणी तो इंग्रजीच. २०१९ मध्ये बँकॉकला भारताच्या शालेय संघानं वादविवादाची जागतिक स्पर्धा जिंकली तेव्हा मला फार आनंद झाला. पण तो सामना उमरेडच्या मुलीच्या घरच्यांना दाखवून किती कळला असता? तिचा सामना त्यांना शब्दन् शब्द कळेल. पाठवा ताई, नक्की पाठवा.

कस्तुरचंद_पार्क
सीताबर्डीताई, गोष्ट खरी, पण तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या लाटेनंतर चिनी वादविवादावर टीकाही तीच झाली की मुलं सुभाषितं, म्हणी, यमकं यांच्या मागे लागली. घोटून तयार केलेलं वाक्य योग्य जागी टाकलं की टाळ्या. टीव्हीवर तेच उठून दिसतं. आपल्या मराठी मुलांना तर ही सवय आधीपासूनच आहे. प्रत्येक भाषणाची सुरुवात शेर किंवा अभंगानं. टीव्ही तिला खतपाणी घालणार, दुसरं काय?

मी पाठवू नका म्हणणाऱ्यांतला. आणखी दोन वर्षं कॉलेजातच, वर्गातच, कॅमेऱ्याशिवाय करू द्या. पाया पक्का झाला की मग जाऊ द्या.

अंबाझरी_ओव्हरफ्लो
कस्तुरचंद, दोन वर्षांनी ती मुलं कॉलेजात असणार नाहीत. बारावी संपली की एक नीटच्या रांगेत, एक पोलीस भरतीच्या.

कस्तुरचंद_पार्क
हे मात्र खरं आहे. उत्तर नाही माझ्याकडे.

सिव्हिल_लाइन्स
थोडं अवांतर. आकाशवाणी नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ पासूनचं. कॉलेजात असताना तिथे युवकांच्या कार्यक्रमात आम्ही एका विषयावर दोन बाजूंनी बोललो होतो. रेडिओचा फायदा असा की हातवारे, कपडे, चेहरा सगळं बाजूला राहतं. ऐकणाऱ्याला मुद्दाच ऐकावा लागतो. निर्मात्या बाईंनी ध्वनिमुद्रणाआधी आम्हाला एकच सूचना दिली होती, की एकमेकांना नावानं हाक मारून उत्तर द्या, नाहीतर श्रोत्याला कोण कुणाशी बोलतंय ते कळणार नाही. टीव्हीसाठीही मी तेच सांगेन. कॅमेऱ्याकडे बघून भाषण करू नका, ज्याला उत्तर देताय त्याच्याकडे बघा. कॅमेरा त्याचं काम करतो.

सरावासाठी मुलांना डिसेंबरात विधानभवनात नेता येईल का बघा. नागपूर कराराप्रमाणे हिवाळी अधिवेशन इथे भरतं, आपल्या दाराशी. प्रेक्षक गॅलरीतून प्रश्नोत्तराचा तास बघणं हा मोठा धडा आहे.

मारबत
अहो, तिथे कधी कधी नऊ वाजताच्या बातम्यांपेक्षा जास्त गोंधळ असतो!

सिव्हिल_लाइन्स
असतो, मान्य. पण लक्षवेधीवर तयारी करून आलेला आमदार आकडे देऊन उपप्रश्न विचारतो आणि मंत्र्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, तेही त्याच सभागृहात दिसतं. मुलांना दोन्ही दाखवावं आणि कुठल्या वेळी काहीतरी कळलं ते त्यांनाच विचारावं.

काटोल_नाका
एक पालक म्हणून लिहिते. हे लिहायचं की नाही असा विचार करत होते, पण ताईंनी वाहिनीकडून काय कबूल करून घ्यावं असं विचारलंय, म्हणून लिहितेच.

माझी मुलगी बारावीत असताना टीव्हीवरच्या अशाच एका स्पर्धेत बोलली. विषय होता शेतीची वीजबिलं माफ करावीत का. नाणेफेकीत तिच्या संघाला ‘करू नयेत’ ही बाजू आली. आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. रात्री पाण्याची पाळी असली की तिचे बाबा बारा वाजता मोटार चालू करायला जातात, ती स्वतः टॉर्च घेऊन गेलेली आहे. तरीही तिनं ती बाजू फार मन लावून मांडली. तिचा मुद्दा असा होता की माफीमुळे वीज कंपनीची थकबाकी वाढते, मग खांब, तारा, रोहित्रं दुरुस्त होत नाहीत, आणि शेवटी पाण्याविना शेतकऱ्याचंच पीक जळतं. माफीऐवजी दिवसा पूर्ण दाबानं वीज द्या. ते सामना जिंकले. घरी बाबांनीच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

मग वाहिनीनं तिच्या भाषणातली काही सेकंदं कापून सोशल मीडियावर टाकली. ‘शेतकऱ्यांची वीजबिलं माफ करणं चूक आहे’ एवढंच. बाजू नाणेफेकीनं मिळाली हे नाही, दिवसा वीज द्या हे नाही, समोरच्या संघाचं उत्तरही नाही. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते इथे लिहू शकत नाही. सतरा वर्षांच्या मुलीला. नात्यातल्या एकांनी तिच्या बाबांना फोन करून विचारलं, पोरीला हेच शिकवलं का. ती महिनाभर मोबाइलला हात लावायला तयार नव्हती. वाहिनीला आम्ही कळवलं, त्यांनी बऱ्याच दिवसांनी तो तुकडा काढला, तोवर तो शेकडो गटांत फिरून आला होता.

तरी पाठवू नका असं मी म्हणणार नाही. ती आज कायद्याचं शिक्षण घेतेय आणि म्हणते की त्या सामन्यासाठी केलेल्या तयारीतून तिला पहिल्यांदा वीज नियामक आयोग म्हणजे काय ते कळलं. पण ताई, चार गोष्टी लेखी घ्या. बोलणाऱ्याच्या नावाखाली सतत पट्टी हवी की बाजू नाणेफेकीनं ठरली आहे. सुटे तुकडे टाकायचे तर दोन्ही बाजूंचे एकत्र टाका. मुलं अठरा वर्षांखालची आहेत, तर प्रतिक्रिया बंद ठेवा. आणि प्रक्षेपणाआधी निदान शिक्षकांना एकदा दाखवा.

झिरोमाइल
काटोल नाका ताई, तुमचे खूप आभार. हा धोका माझ्या मनातच आला नव्हता. चारही गोष्टी उद्याच मेलनं पाठवते.

धंतोलीचे_काका
ताई, तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. आपल्या घराच्या विरुद्ध जाणारी बाजू इतक्या नेटानं मांडायला मोठी ताकद लागते. परीक्षक म्हणून मी अशा मुलांच्या नावापुढे नेहमी खूण करून ठेवायचो.

झिरोमाइल, सरावात मुलांना मुद्दाम नावडती बाजू द्या. आणि दोन्ही बाजूंना खरोखर बोलायला जागा असेल असेच विषय घ्या. ‘स्वच्छता असावी की नसावी’ छाप विषयात एक संघ आधीच मेलेला असतो.

तर्रीपोहे
मंग नागपुरात इषय एकच. वेगळा विदर्भ!

कस्तुरचंद_पार्क
तो विषय झिजून झिजून गुळगुळीत झालाय भाऊ. प्रत्येक गणेशोत्सवात तोच.

अंबाझरी_ओव्हरफ्लो
झिजलाय कारण मुलं तीच दोन वाक्यं म्हणतात, अन्याय झाला आणि महाराष्ट्र एक आहे. खोलात गेलं तर विषय अजून जिवंत आहे. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. नागपूर १९५६ पर्यंत एका राज्याची राजधानी होतं. मग प्रश्न विचारा की राजधानी गेल्यानं शहराचं काय गेलं आणि हिवाळी अधिवेशनानं त्यातलं किती भरून निघालं. छोट्या राज्याचा महसूल कुठून येणार, कोळसा आणि वीज इथली पण कर कुठे जमा होतो. बोलायला तासभर पुरणार नाही. विषय थोडा आवळून द्यायचा : ‘राजधानीपेक्षा विदर्भाला सिंचनाचा पैसा आधी हवा.’ बघा कशी मजा येते.

पाटणसावंगी
मी पहिल्यांदाच लिहितोय इथे. भाषेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. मी कॉलेजात असताना एका स्पर्धेत परीक्षकांनी माझे गुण ‘भाषा अशुद्ध’ म्हणून कापले होते. मी घरी बोलतो तसंच बोललो होतो. मुद्द्यांबद्दल एक शब्द नाही. त्यानंतर मी स्टेजवर गेलो नाही. उमरेडच्या पोरीच्या बोलण्यात वऱ्हाडी-झाडी ढंग आला तर वाहिनीवाले काय करणार, हे विचारून घ्या.

धंतोलीचे_काका
पाटणसावंगी, परीक्षकाचं काम मुद्दा समजला की नाही हे बघणं आहे. तुमच्या बाबतीत त्या परीक्षकांनी चूक केली. मात्र टीव्ही कोकणापासून गडचिरोलीपर्यंत दिसतो, म्हणून मुलीनं सगळ्यांना कळेल असं बोलावं, एवढी अपेक्षा मी ठेवेन.

पाटणसावंगी
काका, पुण्याच्या मुलाला तुम्ही गडचिरोलीत कळेल असं बोल म्हणता का? मग इथल्याच पोरांना काहून?

धंतोलीचे_काका
हा मुद्दा तुम्ही जिंकलात. आणि हेच बोलणं मंचावर करा एकदा. अजून वेळ गेलेली नाही.

सीताबर्डी_ते_सिंगापूर
पाटणसावंगी +१. बांगलादेशच्या सरकारी वाहिनीवर शाळा-कॉलेजांचे बंगाली वादविवाद दाखवतात. आपल्याकडेही मराठी वादविवाद नेहमीचा झाला तर चार बोलींतली मुलं एकाच मंचावर दिसतील आणि कानाला सवय होईल.

गोरेवाडा
निकाल कोण लावणार? प्रेक्षकांनी मोबाइलवर मतं द्यायची असतील तर माझा ठाम विरोध. ज्या कॉलेजचे विद्यार्थी जास्त ते जिंकणार.

अंबाझरी_ओव्हरफ्लो
मोबाइलच्या मतांना माझाही विरोध. सभागृहात बसून सगळं ऐकलेल्यांचं मत मात्र घ्यायला हरकत नाही. १९६५ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थी सभेत कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन आणि पुराणमतवादी संपादक विल्यम बक्ली यांचा अमेरिकेतल्या वर्णभेदावरचा सामना झाला, तो बीबीसीनं चित्रित केला. पाहुण्यांआधी दोन विद्यार्थीही बोलले होते. शेवटी सभागृहानं ५४४ विरुद्ध १६४ असा बाल्डविनना कौल दिला. ते लोक तिथे शेवटपर्यंत बसून होते. मत द्यायचा हक्क ऐकणाऱ्याला.

माझी तर मागणी अशी की परीक्षकांनी निकालाचं कारण कॅमेऱ्यासमोर सांगावं. ‘दोन्ही संघ छान’ हे नको. कुठला मुद्दा अनुत्तरित राहिला, कुठे सामना फिरला, हे दोन मिनिटांत सांगा. घरी बघणारा मुलगा त्या दोन मिनिटांत सगळ्यांत जास्त शिकेल.

गोरेवाडा
हे आवडलं. क्रिकेटमध्ये बाद दिल्यावर तिसरा पंच पडद्यावर दाखवतो तसं.

सेमिनरी_हिल्स
स्टुडिओत बरीच वर्षं काम केलेला माणूस आहे, म्हणून थोडं कामाचं.

बारीक चौकडीचे किंवा बारीक रेघांचे शर्ट नकोत, पडद्यावर ते लहरतात. मागे हिरवा पडदा असेल तर हिरवे कपडे अजिबात नाहीत, आधी विचारून घ्या. कॉलरला लावायच्या माइकवर ओढणी किंवा साखळी घासली की खरखर येते आणि चांगलं वाक्य वाया जातं. मुलींनी ओढणी नीट पिन करावी. छातीवर हात आपटून बोलायची सवय असेल तर ती सोडवा, माइकला ते ढोल वाजल्यासारखं ऐकू येतं. टेबलवरचे कागद सुटे ठेवावेत, पिन मारलेले उलटताना आवाज होतो.

स्टुडिओत एसी जोरात असतो आणि चित्रीकरण वेळेवर सुरू होत नाही. मुलांना खायला घालून आणा. दुसरा सामना संध्याकाळचा असेल तर उमरेडच्या मुलीच्या परतीची सोय आधी करा.

आणि महत्त्वाचं. दिग्दर्शक कधी कधी म्हणतो, ‘हे वाक्य छान होतं, परत एकदा म्हण.’ मुलांनी नम्रपणे नाही म्हणावं, किंवा तुम्ही म्हणा. पुन्हा म्हटलेलं वाक्य समोरच्या संघानं उत्तर दिल्यानंतरचं असतं, आणि संकलनात ते आधी लागलं तर सामना बदलतो. त्याऐवजी संकलकाला सांगा की समोरच्या संघाची ऐकतानाची, लिहितानाची दृश्यं ठेवा. काप लपवायला ती त्यालाही हवीच असतात.

धंतोलीचे_काका
सेमिनरी हिल्स, तुमच्या एका पोस्टमध्ये माझ्या सगळ्या शंकांचं अर्धं काम झालं.

सिव्हिल_लाइन्स
वाचायला काय द्यायचं हे राहिलं. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत मसुदा मांडला ते भाषण द्या. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं ते आधी नीट सांगतात, की यात नवं काय, ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातलंच बरंच घेतलंय, आणि मग एकेक घेऊन उत्तर देतात. घेतलंय हे नाकारतही नाहीत. अंबाझरीभाऊंनी वर वीस सेकंदांचा तुकडा सांगितला, त्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. मुलांना त्यातला प्रत्येक आक्षेप रकान्यात लिहायला लावा.

झिरोमाइल
मंडळी, वाहिनीचं उत्तर आलं, म्हणून परत येते.

नाणेफेकीची पट्टी त्यांनी लगेच मान्य केली. पूर्ण सामना, न कापता, त्यांच्या यूट्यूबवर प्रक्षेपणाच्या दिवशीच टाकतील. प्रतिक्रिया बंद ठेवायला आधी तयार नव्हते, मुलं अल्पवयीन आहेत आणि पालकांचं संमतिपत्र त्याच अटीवर मिळेल असं कळवल्यावर मानले. सुटे तुकडे दोन्ही बाजूंचे एकत्र, हे लेखी दिलंय. प्रक्षेपणाआधी दाखवायला मात्र नकार, ते कुणालाच दाखवत नाहीत म्हणे. परीक्षकांनी कारण सांगायचं, हे त्यांना इतकं पटलं की सगळ्या सामन्यांना लागू करताहेत. मोबाइलवर मतं नाहीत.

तर पाठवतेय. कस्तुरचंद, तुमचा सुभाषितांचा मुद्दा मी मुलांसमोर जसाच्या तसा ठेवला. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, मग सुरुवात कशी करू?’ एका मुलीनं सांगितलं, ‘त्यांच्या शेवटच्या मुद्द्यानं कर.’ मी काही शिकवायच्या आधीच.

येत्या शनिवारी दुपारी कॉलेजात पूर्ण सराव सामना ठेवलाय, बाहेरचे परीक्षक आणि विरोधी संघ हवा आहे. कोण येताय?

धंतोलीचे_काका
मी येतो. घंटा आणि घड्याळ माझ्याकडे आहे.

काटोल_नाका
माझी मुलगी शनिवारी घरी आहे. विरोधी संघात ती बसेल म्हणतेय, पण बाजू नाणेफेकीनंच घ्या असं तिनं बजावलंय.

कस्तुरचंद_पार्क
मीही येतो. मुलांच्या सरावाला माझा कधीच विरोध नव्हता. विरोधी संघात दुसरा मी.

अंबाझरी_ओव्हरफ्लो
तिसरा वक्ता म्हणून पाटणसावंगी यांचं नाव सुचवतो.

पाटणसावंगी
येतो. सुट्टी टाकतो.

तर्रीपोहे
पोहे माझ्याकडून, तर्री वेगळ्या डब्यात. कागदावर सांडली तं रकाने जातीन.

सेमिनरी_हिल्स
मी साधा कॅमेरा घेऊन येतो, मुलांना स्वतःला बघता येईल. विषय कोण आणतंय?

अंबाझरी_ओव्हरफ्लो
मी आणतो. इथे लिहीत नाही, ताईंचे विद्यार्थी हा धागा वाचत असणार. ऐन वेळी, अर्धा तास आधी.